इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ आणि बडोद्याचा कल्पतरू

जमिनीच्या नोंदीत बदल व्हावयाचा असला, की आमच्या सीमाभागात संबंधितांच्या घरी नोटीस येते. ती कन्नडमध्ये असते आणि तिच्यात बहुधा 'तकरारु' हा शब्द असतो. कन्नड वाचता न येणारा मराठी शेतकरी ती कोणाकडून तरी वाचवून घेतो आणि ओळखीचा शब्द कानी पडल्यामुळे निश्चिंत होतो. तक्रार असल्यास कळवावी, एवढाच बोध त्याला होतो. भावाभावांत तक्रार कसली, असे म्हणून तो कागद फळीवर ठेवून देतो. मुदत सरते, नोंद मंजूर होते आणि पुढे कित्येक वर्षांनी त्याला कळते, की त्या कागदाने त्याचे गाऱ्हाणे विचारलेच नव्हते. त्याची हरकत विचारली होती. मूळ कायद्याच्या इंग्रजीत तेथे 'ऑब्जेक्शन' असते. हरकत ही अजून न झालेल्या गोष्टीला घ्यावयाची असते, तक्रार ही होऊन गेलेल्या गोष्टीची असते. कन्नडमध्ये 'तकरारु' या एका शब्दात हरकत सामावते. मराठीत ती सामावत नाही. गुजरातीत आणि हिंदीत तोच शब्द भांडणतंट्याकडे झुकतो. ज्या अरबी शब्दापासून तो सर्वांकडे आला, त्याचा अर्थ तर केवळ 'पुन्हा पुन्हा करणे' एवढाच आहे.

आपली मागणी गेली कित्येक दशके अशी आहे, की शासकीय कागदपत्रे मराठीतून मिळावीत. ती रास्त आहे आणि ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 टक्के वा अधिक आहे, तेथे ती मान्य करण्याची हमी देशपातळीवर पूर्वीच दिली गेली आहे. परंतु या मागणीच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, ज्याचा विचार आम्हीही फारसा केलेला नाही. उद्या कागद मराठीत आले, तर ते कोणत्या मराठीत येतील? कायदा आजही इंग्रजीत विचार करतो. त्या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ ठरविल्यावाचून त्याच्यापुढे मराठी शब्द ठेवला, तर 'तकरारु'च्या जागी 'तक्रार' येईल आणि शेतकरी होता तेथेच राहील.

हा प्रश्न राज्यकारभाराच्या पातळीवर, एका सरकारने, सरकारी खर्चाने आणि अनेक भाषांना एकत्र बसवून हाताळल्याचे एक ठळक उदाहरण मराठी माणसाच्या इतिहासात आहे. ते पुण्यात वा मुंबईत घडले नाही, बडोद्यात घडले. 1931 साली तेथे 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा कोश प्रसिद्ध झाला. राज्यकारभारात येणारा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली या सात भाषांतील प्रतिशब्द, अशी त्याची मांडणी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला होता, त्यास त्या वर्षी बरोबर शंभर वर्षे झाली होती. मोल्सवर्थने इंग्रज अधिकाऱ्याला मराठी कळावी म्हणून कोश केला. बडोद्याचा कोश उलट दिशेने जाणारा होता: इंग्रजीत आलेली राज्यकारभाराची कल्पना आपल्या भाषांत कशी उतरवावी, हा त्याचा विषय.

हा कोश बडोद्यातच का व्हावा, हे समजून घेतल्यावाचून त्याचे मोल कळणार नाही. बडोदे हे मराठी राजघराण्याचे राज्य होते, पण प्रजा प्रामुख्याने गुजराती होती. बडोदे, कडी, नवसारी, अमरेली हे त्याचे प्रांत गुजरात-काठेवाडात विखुरलेले होते आणि 1931च्या सुमारास राज्याची लोकसंख्या 24 लाखांच्या घरात होती. दरबार, खासगी, फडणिशी, सरदारवर्ग मराठी. शेतकरी, व्यापारी आणि गावचा तलाठी गुजराती. वरच्या पत्रव्यवहारात इंग्रजी. आणि जुन्या दप्तरात फारसीचा दाट ठसा. अशा राज्यात राजाने आपली भाषा प्रजेवर लादली असती, तर त्या काळी कोणाला फारसे नवल वाटले नसते. सयाजीराव गायकवाडांनी तसे केले नाही. लोकांशी ज्या भाषेत व्यवहार होतो त्या गुजरातीला त्यांनी कारभारात स्थान दिले, मराठीही चालू ठेवली आणि सरकारी छपाईत गुजराती मजकूर बाळबोध लिपीत छापण्याचा प्रघात पाडला, जेणेकरून दोन्ही भाषांच्या वाचकांना तो निदान उच्चारता यावा. राज्याच्या गॅझेटाचे नाव 'आज्ञापत्रिका'. सत्ता हाती असलेल्या मराठी माणसाने अल्पसंख्य मराठी बोलत बहुसंख्यांच्या भाषेशी कसे वागावे, याचा हा दाखला आम्ही नेहमी जवळ बाळगतो. आज आमच्यावर राज्य करणाऱ्यांनीही तो वाचावा, असे आम्हांस वाटते.

सयाजीरावांना शब्दांच्या अर्थाची ही ओढ का असावी, याचा एक उलगडा त्यांच्या बालपणात आहे. मालेगावजवळच्या कवळाणे गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली दत्तक आला तेव्हा बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. त्यानंतरच्या सहा वर्षांत एलियट या शिक्षकाच्या हाताखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा त्याला एकदमच शिकाव्या लागल्या आणि 1881च्या डिसेंबरात राज्याची सूत्रे हाती आली. ज्याला इंग्रजी शब्द बाळपणापासून कानावर पडून कळलेला नाही, ज्याने तो जाणत्या वयात अर्थ विचारून घेऊन शिकला, त्यालाच तो शब्द आपल्या भाषेत कुठे बसतो आणि कुठे बसत नाही हे खुपते. इंग्रजीत वाढलेल्याला हा प्रश्न पडत नाही.

कोशाच्या चाळीस वर्षे आधी याच शहरात याची एक रंगीत तालीम झाली होती, आणि 'रंगीत' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयास हरकत नाही. 1890 साली त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले. रंगकाम, यंत्रकाम यांसारखे विषय तेथे देशी भाषेतून शिकवावयाचे होते. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यावर कोणी डांबर ओतले तेव्हा ते काढून देणारे हेच. रंगाऱ्याचा धंदा गुजरातेत शेकडो वर्षांचा. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी वापरावी, हिरडा वापरावा, हे प्रत्येक रंगारी जाणत होता. पण तुरटी आणि हिरडा हे दोन्ही एकाच जातीचे काम करतात, म्हणून त्या जातीला मिळून एक नाव असावे, ही कल्पना त्याच्यापाशी नव्हती. इंग्रजीत ती 'मॉर्डंट' या शब्दात होती. वस्तू आपल्याकडे होती, क्रिया होती, अनुभव होता, वर्ग नव्हता. पुढे मराठीत त्यासाठी 'रंगबंधक' हा शब्द आला. पारिभाषिक शब्दाची गरज नेमकी कुठे लागते, हे या एका उदाहरणावरून जितके स्पष्ट होते तितके मोठ्या व्याख्यानांतून होत नाही. ज्या वस्तूला नाव आहे तिला दुसरे नाव देणे हे निव्वळ वेषांतर होय. जी कल्पना आपण अनामिक वापरत होतो, तिला वेगळी काढून नाव देणे हे खरे काम.

राज्यकारभारात हे काम कितीतरी कठीण. तेथे शब्द चुकला तर रंग उडत नाही, हक्क जातो.

बडोद्यातील एकच शब्द घेऊ: 'वहिवटदार'. बडोद्याच्या महसुली उतरंडीत वर सरसुभा, त्याखाली प्रांताचा सुभा आणि महालाचा वहिवटदार. मुंबई इलाख्यातील मामलेदाराच्या जागेचा हा अधिकारी. गुजरातीत 'वहीवट' म्हणजे कारभार, त्यामुळे गुजराती रयतेस त्यात काहीच खटकण्याजोगे नव्हते. पण हाच शब्द मराठी कानाने ऐका. आपल्याकडे वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष उपभोग: जमिनीची वहिवाट, वाटेची वहिवाट, बारा वर्षांची वहिवाट. देवस्थानच्या इनामाचा वहिवाटदार म्हणतो तेव्हा तेवढ्यापुरता कारभाराचा जुना अर्थ डोकावतो, एरवी नाही. आणि आमच्या बेळगाव-खानापुराकडे या, तर कन्नडमध्ये 'वहिवाटु' म्हणजे देवघेव, व्यापार, बँकेतील व्यवहार. शब्द एक, बडोद्यात तो अधिकार, कोल्हापुरात उपभोग आणि बेळगावात उलाढाल. इंग्रजी कायद्यात 'ॲडमिनिस्ट्रेशन', 'एन्जॉयमेंट' आणि 'ट्रॅन्झॅक्शन' या तीन कल्पना एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. आपल्या भाषांत त्या तिघींचे काम एकच शब्द तीन गावांत करतो आहे, हे भाषा शेजारी शेजारी मांडून पाहिल्याखेरीज कळत नाही. कोशाच्या आठ भाषांच्या मांडणीचे मर्म आम्हांस येथे दिसते.

बडोद्याच्या विधिमंडळास 'धारासभा' म्हणत. गुजरातीत 'धारो' म्हणजे कायदा, तेव्हा कायदे करणारी ती धारासभा. कोकणातील मराठी माणसाच्या लेखी मात्र धारा म्हणजे जमिनीचा सारा. धारेकरी म्हणजे तो भरणारा. रत्नागिरीहून बडोद्यास नोकरीला गेलेल्या एखाद्या कारकुनास पहिल्या दिवशी आपण सारावसुलीच्या कचेरीत आलो असे वाटले असेल, तर त्यास दोष देता येणार नाही.

याहून उद्बोधक गोष्ट 'ॲक्ट' या शब्दाची. इंग्रजीत 'लॉ' ही व्यापक कल्पना आणि 'ॲक्ट' हा विधिमंडळाने केलेला, ठराविक नावाचा, ठराविक सालचा एक लेख. रूढीही 'लॉ' असू शकते, ती 'ॲक्ट' नव्हे. मराठीत दोहोंना 'कायदा' म्हणण्याची सवय आहे, आणि हा शब्द अरबीत मुळात पाया किंवा नियम या अर्थाचा. बडोद्याने 'ॲक्ट'साठी 'निबंध' हा शब्द योजिला: बाललग्न प्रतिबंधक निबंध, पुरोहित निबंध, हिंदू लग्नविच्छेद निबंध. आजच्या मराठी वाचकाला हे वाचून हसू येईल, कारण निबंध म्हणजे शाळेत 'माझा आवडता ऋतू' यावर लिहावयाचा तो. परंतु शब्द निवडणाऱ्यांनी अंधारात हात घातला नव्हता. धर्मशास्त्राच्या परंपरेत निरनिराळ्या स्मृतींतील वचने विषयवार एकत्र बांधून निर्णय देणाऱ्या ग्रंथांना निबंधच म्हणतात. देवगिरीच्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा निबंध, कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधू' हा निबंध. विखुरलेले नियम एका लेखात बांधणे हा जो 'ॲक्ट'चा गाभा, तो या शब्दात खरोखर आहे. शिवाय हिंदू समाजाच्या विवाहादी व्यवहारांत हात घालणाऱ्या कायद्याला शास्त्रातलेच नाव दिल्याने त्याला एक वजन येत होते, हे राजाच्या चाणाक्ष नजरेतून सुटले नसावे असे आमचे मत आहे. त्याच सुमारास सावरकरांच्या लेखनात कायद्यासाठी 'निर्बंध' आढळतो. आज निर्बंध म्हणजे मनाई, निबंध म्हणजे शाळेतील लेखन आणि 'ॲक्ट' म्हणजे अधिनियम. दोन्ही जुने शब्द अर्थाने सदोष नव्हते. त्यांना कचेरी टिकली नाही.

लग्नविच्छेदाचा उल्लेख वर आला आहे, त्यापाशी थोडे थांबावयास हवे. हिंदूंना न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची तरतूद बडोद्याने 1931 साली केली, म्हणजे कोश निघाला त्याच वर्षी. मुंबई प्रांताचा तसा कायदा 1947चा आणि देशाचा 1955चा. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतात असल्याने आमच्या आज्या-पणज्यांना जो हक्क 1947 पर्यंत मिळाला नाही, तो बडोद्याच्या बायकांना सोळा वर्षे आधी मिळाला. पण कायदा करणाऱ्यांपुढे पहिली अडचण शब्दाची होती. 'डायव्होर्स' या शब्दाला आपल्या भाषांत प्रतिशब्द नव्हते असे नाही. उलट ते फार होते, आणि प्रत्येकाला कुठला ना कुठला वास होता. 'काडीमोड' हा ज्या जातींत पंचांपुढे काडी मोडून संबंध तोडण्याची चाल होती, त्यांचा शब्द. उच्चवर्णीय त्याला नाक मुरडणार. 'तलाक' हा मुसलमानी कायद्यातला. 'फारकत' आणि 'सोडचिठ्ठी' हे मुळात कागदाचे नाव, आणि सोडचिठ्ठी तर नवऱ्याने बायकोला द्यावयाची. बायकोने नवऱ्याला सोडण्याची कल्पनाच तीत नाही. गुजरातीतील 'छूटाछेडा' हा मोठा सुंदर शब्द, लग्नात बांधलेली पदर-उपरण्याची गाठ सुटली असा चित्र उभे करणारा, पण तोही घडलेल्या गोष्टीचे वर्णन करतो, न्यायालयाच्या निर्णयाचे नाही. आणि आज आपण ज्याला बिनदिक्कत प्रमाण मानतो तो 'घटस्फोट' तर धर्मशास्त्रात वेगळ्याच ठिकाणी बसला होता. पतित ठरवून जातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या नावे पाण्याचा घडा पालथा करण्याचा जो विधी, तो घटस्फोट. जिवंत माणूस मेला असे समजण्याची ती क्रिया होती.

आता इंग्रजी कायद्यातील कल्पना पाहू. तेथे तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या आहेत. विवाह वैध होता आणि न्यायालयाने तो आजपासून संपविला, हा 'डायव्होर्स'. विवाह मुळातच झाला नव्हता असे न्यायालयाने ठरविले, ती 'नलिटी'. विवाह कायम आहे, पण एकत्र राहण्याचे बंधन न्यायालयाने उठविले, ते 'ज्युडिशिअल सेपरेशन'. या तिघांतील फरक शाब्दिक नाही. दुसरे लग्न करता येते की नाही आणि वारसा मिळतो की नाही, हे त्यावर ठरते. एखाद्या बाईच्या हाती 'फारकत' असा शब्द असलेला कागद पडला, तर ती या तिघांपैकी नेमकी कोण? व्यवहारात फारकत शब्द वेगळे राहण्यालाही चालतो आणि लग्न मोडण्यालाही. तिने दुसरा संसार मांडला आणि कागदाचा अर्थ तिसराच निघाला, तर गुन्हा तिच्या माथी येतो. बडोद्याने 'विच्छेद' हा शब्द घेतला. कोणत्याही जातीची रूढी त्याला चिकटलेली नाही, नवरा-बायको दोघांनाही तो सारखा लागू होतो, आणि 'संपूर्ण तोडणे' हा त्याचा अर्थ अर्धवट वेगळे राहण्याशी मिसळत नाही. तो बोलीत रुजला नाही हे खरे. बोलीत 'घटस्फोट' रुजला, आणि आपला मूळ अर्थ पार विसरून रुजला. नेमकेपणा शब्दाच्या व्युत्पत्तीतून येत असता तर हे झालेच नसते. कायद्याने व्याख्या बांधली आणि न्यायालयांनी तो शब्द एकाच अर्थी दहा हजार वेळा वापरला, की मूळचा घडा फुटतो आणि नवा अर्थ भरतो.

येथे शिवकाळातील 'राज्यव्यवहारकोशा'ची आठवण येणे साहजिक आहे. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावे असलेल्या त्या कोशात सुमारे 1,380 यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. अनेक लेखक बडोद्याच्या कोशास त्याचा वारस म्हणतात. आम्हांस हे पुरते पटत नाही. राज्यव्यवहारकोशाचा हेतू राजकीय होता आणि तो त्या काळी योग्यच होता. परकी सत्तेची खूण पुसून स्वराज्याची उमटवावयाची होती, त्यामुळे एका शब्दाच्या जागी दुसरा आला. कल्पना तीच राहिली. बडोद्यापुढे कल्पनाच नव्या होत्या. आणि बडोद्याच्या कोशाने फारसी-उर्दूला हाकलले नाही, त्यांना संस्कृताच्या शेजारी बसविले. सुरत-नवसारीच्या व्यापाऱ्याला कोर्टातील कोणता शब्द कळतो, हे संस्कृत पंडिताला विचारून समजत नाही. बडोद्यातच जन्मलेल्या माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे कवी माधव जूलियनांनी, 1925 साली फारसी-मराठी कोश दिला आणि 1938 साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले, हाही त्या शहराच्या दुहेरी हवेचाच गुण म्हणावा.

कोश निघाला त्याच्या पुढच्या वर्षी, 1932 साली, कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सयाजीरावांनी भूषविले. 1939च्या फेब्रुवारीत ते गेले. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि सरसुभा, वहिवटदार, धारासभा, आज्ञापत्रिका हे सारे शब्द एका दिवसात बेकार झाले. पुढे अकरा वर्षांनी, त्याच तारखेला, मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले. बडोदे गुजरातेत गेले. बडोद्यातील मराठी माणूस घरात मराठी बोलत राहिला, त्याची वाङ्मय परिषद टिकली, 2018 साली तेथे पुन्हा अखिल भारतीय साहित्य संमेलनही भरले. पण ज्या मराठीचा इंग्रजी कायद्याशी रोज सामना होत होता, ती कचेरीची मराठी तेथे उरली नाही.

महाराष्ट्रात हे काम 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने हाती घेतले. 'पदनाम कोश' निघाला तेव्हा टीकाकारांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले, आणि त्या विनोदावर आपण पिढ्यान्पिढ्या हसलो. हसणे सोपे होते. अधीक्षक, लिपिक, संचालक हे शब्द तेव्हाही हास्यास्पद ठरविले गेले होते. आज ते उच्चारताना कोणाचे ओठ अडत नाहीत. तथापि एक आक्षेप खरा आहे. नंतरच्या कोशांत इंग्रजी शब्द आणि संस्कृत शब्द यांची थेट गाठ पडते, मधल्या शेजारणींना विचारले जात नाही. बडोद्याने जी सात भाषांची पंगत मांडली होती, ती मोडली.

ती पंगत सीमाभागाला का हवी, हे सांगण्यासाठी आणखी एकच शब्द घेतो. 'राजीनामा'. मराठीत, गुजरातीत आणि कन्नडमध्ये तो नोकरीचा त्याग. उत्तरेच्या हिंदी-उर्दू कोर्टांत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांच्या राजीखुशीने झालेली तडजोड. नोकरी सोडतात तेव्हा ते 'इस्तीफा' देतात. आणि जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात, ज्यात 1956 पर्यंत बेळगाव होते, राजीनामा म्हणजे जमिनीवरचा हक्क सोडल्याचा लेख. तो घेणाऱ्याने द्यावयाची ती कबुलायत. आजोबांच्या पेटीत 'राजीनामा' असा मथळा असलेला कागद सापडला, तर आजोबा नोकरीत होते काय असे विचारू नका. त्यांची जमीन कुठे गेली ते विचारा. तसेच पहाणी पत्रकातील 'कब्जेदार' या कन्नड रकान्याचे. तेथे ज्याच्या नावे जमीन आहे तो अभिप्रेत असतो. मराठी कानाला कब्जा म्हणजे केवळ ताबा, प्रसंगी बळकावलेलासुद्धा. 'पझेशन' आणि 'ओनरशिप' यांतील जी भिंत इंग्रजी कायद्याचा कणा आहे, ती या एका शब्दात विरघळते.

बडोद्याच्या कोशातील उणीवही येथेच सांगावयास हवी. त्यात कन्नड नाही. असण्याचे कारणही नव्हते. राज्य गुजरातेत, दृष्टी उत्तरेकडे, आणि द्राविडी भाषांपैकी एकही तेथील कारभाराशी संबंधित नव्हती. ती ओळ आम्हांलाच लिहावी लागणार आहे. इंग्रजी, मराठी आणि कन्नड अशा तीन रकान्यांचा, जमीन, शाळा, मतदारयादी, न्यायालय आणि पंचायत एवढ्याच विषयांचा, जेथे दोन भाषांत शब्द एक आणि अर्थ वेगळा आहे तेथे ठळक खूण केलेला कोश. कन्नडचा द्वेष करून तो होणार नाही. कन्नड उत्तम जाणणाऱ्या मराठी माणसांनी आणि मराठी जाणणाऱ्या कन्नड स्नेह्यांनीच तो करावयाचा आहे, आणि असे दोन्ही प्रकारचे लोक निपाणीपासून कारवारपर्यंत गावोगावी आहेत.

राज्यघटनेतही असे शब्द आहेत. 1956 साली घातलेल्या 350-अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, म्हणून राज्याने पुरेशा सोयींसाठी 'एन्डेव्हर' करावा असे म्हटले आहे. 'ड्यूटी' म्हटलेले नाही. 'एन्डेव्हर' म्हणजे मनापासून, सातत्याने केलेला यत्न. फळाची हमी त्यात नाही, पण हात जोडून बसण्याची मुभाही नाही. आमच्या निवेदनांत आम्ही बहुतेक वेळा 'घटनेने बंधनकारक केले आहे' असे लिहितो आणि समोरचा अधिकारी शांतपणे इंग्रजी प्रत उघडून दाखवितो. त्याऐवजी आपण यत्नाचा हिशेब मागावयास हवा: किती शाळांना शिक्षक दिले, किती पुस्तके वेळेवर आली, किती वर्ग बंद केले आणि का. या शब्दाला बंगालीत रोजचा प्रतिशब्द आहे 'चेष्टा', आणि तेथे तो प्रामाणिक प्रयत्नासाठीच वापरतात. मराठीत चेष्टेचा अर्थ काय होतो ते वाचकांस सांगावयास नको. आमच्या वाट्याला 350-अ कोणत्या भाषेतून आला, हे ज्याने त्याने आपापल्या गावच्या शाळेकडे पाहून ठरवावे.

कोशासाठी पहिला शब्द आम्ही 'तकरारु' हाच धरला आहे. त्यापुढे मराठी रकान्यात 'हरकत' असे लिहिले असून 'तक्रार नव्हे' अशी खूण केली आहे. आपल्या घरी आलेल्या नोटिसांत, उताऱ्यांत, शाळेच्या पत्रांत असा फसवा शब्द आढळला असेल, तर कागदातील नावे आणि क्रमांक झाकून तेवढे वाक्य आमच्याकडे पाठवावे.